एका वाक्याचा प्रवास : हवामान बदल, प्रसारमाध्यमे आणि नवोदित शास्त्रज्ञांच्या प्रशिक्षणाचा इतिहास (१९८८ ते २०२२)

प्रस्तावना

विज्ञानाचा इतिहास लिहिताना शोध, सिद्धांत आणि संस्था यांना अग्रस्थान मिळते. शास्त्रज्ञ समाजाशी कसा बोलला, या प्रश्नाला बहुधा तळटीपेत जागा मिळते. हवामान बदलाच्या बाबतीत मात्र हा प्रश्न तळटीपेत ठेवता येत नाही. वातावरणातील कार्बन डायऑक्साइडच्या वाढीने पृथ्वीचे तापमान वाढेल, हे गणित स्वीडिश शास्त्रज्ञ स्वान्ते अऱ्हेनियस यांनी १८९६ मध्येच मांडले होते. ते सर्वसामान्य वाचकाच्या दारापर्यंत पोहोचण्यास जवळजवळ शतक लागले, आणि पोहोचले तेही मुख्यत्वे वृत्तपत्र व दूरचित्रवाणी यांच्यामार्फत. त्यामुळे शास्त्रज्ञ व पत्रकार यांच्यातील संवाद हा या विषयाच्या इतिहासाचाच एक भाग ठरतो.

हा संवाद शास्त्रज्ञाला, विशेषतः संशोधनाच्या उंबरठ्यावर असलेल्या तरुण शास्त्रज्ञाला, शिकवावा लागतो ही जाणीव कशी निर्माण झाली, त्या शिक्षणाचे स्वरूप कसे बदलत गेले आणि त्यात कोणती उणीव राहिली, याचा आढावा घेण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे. विवेचन प्रामुख्याने अमेरिका व ब्रिटनमधील घडामोडींचे आहे, कारण या प्रशिक्षणाची पायाभरणी तेथे झाली. तथापि या इतिहासातील सर्वांत बोधप्रद प्रकरण हिमालयाशी, म्हणजे आपल्याच देशाशी निगडित आहे.

१९८८ ची साक्ष आणि शास्त्रज्ञापुढील पेच

२३ जून १९८८ रोजी ‘नासा’च्या गोडार्ड संस्थेचे संचालक जेम्स हॅन्सन यांनी अमेरिकी सिनेटच्या समितीपुढे साक्ष दिली. तापमानवाढीचा कल केवळ नैसर्गिक चढउतार नाही, असे आपण ९९ टक्के खात्रीने म्हणू शकतो, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. दुसऱ्या दिवशी ही बातमी ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या पहिल्या पानावर आली. त्याच वर्षी हवामान बदलावरील आंतरशासकीय मंडळाची, म्हणजेच ‘आयपीसीसी’ची स्थापना झाली. हवामानशास्त्रज्ञ हा यापुढे केवळ प्रयोगशाळेतील अभ्यासक राहणार नव्हता. त्याच्या प्रत्येक वाक्याला सार्वजनिक वजन प्राप्त झाले होते.

या नव्या स्थितीतील पेच सर्वप्रथम स्पष्टपणे मांडला तो स्टीफन श्नायडर यांनी. १९८९ मध्ये ‘डिस्कव्हर’ या नियतकालिकाशी बोलताना त्यांनी सांगितले की, शास्त्रज्ञ म्हणून आपण सर्व शंका व मर्यादा मांडण्यास बांधील असतो. परंतु नागरिक म्हणून लोकांचे लक्ष वेधून घ्यावयाचे असल्यास सोपे व परिणामकारक बोलावे लागते. परिणामकारकता आणि प्रामाणिकपणा यांचा मेळ ज्याने त्याने घालावा, आणि त्याचा अर्थ दोन्ही साधणे असाच व्हावा, अशी आशा त्यांनी शेवटी व्यक्त केली होती. पुढे हे विधान अनेकदा उद्धृत झाले, ते नेमका हा शेवटचा भाग गाळून. परिणामी, शास्त्रज्ञ अतिशयोक्तीचे समर्थन करतात याचा पुरावा म्हणून ते वापरले गेले. श्नायडर यांना त्यानंतर अनेक वर्षे खुलासे करावे लागले. मुलाखतीतील परिच्छेद अखंड छापला जाईलच असे नाही, म्हणून प्रत्येक वाक्य एकटे काढले तरी खरे राहील असे बोलावे, हा धडा या अनुभवातून मिळतो.

प्रशिक्षणाची पहिली रूपे

शास्त्रज्ञाला माध्यमांची ओळख करून देण्याचे प्रयत्न १९८८ पूर्वीच सुरू झाले होते. अमेरिकी विज्ञानवर्धिनी संघटना, म्हणजे ‘ट्रिपल-ए-एस’, १९७० च्या दशकाच्या मध्यापासून विज्ञानाच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना उन्हाळ्यातील दहा आठवडे वृत्तपत्रे, नभोवाणी व दूरचित्रवाणी यांच्या कार्यालयांत काम करण्यासाठी पाठवीत असे. विद्यार्थ्याने तेथे वार्ताहर म्हणूनच काम करावयाचे असे. बातमीसाठी किती शब्दांची जागा मिळते, अंक छपाईला जाण्याची वेळ कोणती, मथळा कोण देतो, या गोष्टी तो प्रत्यक्ष अनुभवाने शिकत असे.

ब्रिटनमध्ये १९८५ साली वॉल्टर बॉडमर यांच्या अध्यक्षतेखालील रॉयल सोसायटीच्या समितीने लोकांना विज्ञान समजावून सांगणे हे शास्त्रज्ञाचे कर्तव्यच आहे, असे प्रतिपादन केले. १९८७ पासून ब्रिटिश असोसिएशनने माध्यम-छात्रवृत्ती सुरू करून शास्त्रज्ञांना काही आठवडे वृत्तकार्यालयांत पाठविण्यास प्रारंभ केला. तथापि बॉडमर अहवालाच्या मुळाशी एक गृहीतक होते : लोकांना ज्ञान कमी आहे, ते पुरविले की मतभेद मिटतील. पुढील दशकात ‘मॅड काऊ’ रोग आणि जनुकीय पिके यांवरील वादांनी या गृहीतकाला तडा दिला. २००० साली ब्रिटिश उमराव सभेच्या समितीने ‘विज्ञान आणि समाज’ या अहवालात एकतर्फी उपदेशाऐवजी संवादाचा आग्रह धरला. या विचारमंथनातूनच २००२ मध्ये लंडन येथे ‘सायन्स मीडिया सेंटर’ उभे राहिले. वादग्रस्त विषयाची बातमी होत असतानाच पत्रकाराला योग्य तज्ज्ञ मिळवून देणे, हे त्याचे कार्य ठरले. त्याच वर्षी स्थापन झालेल्या ‘सेन्स अबाउट सायन्स’ या संस्थेने पुढे खास तरुण संशोधकांसाठी माध्यम-कार्यशाळा घेण्यास आरंभ केला. त्यांत अनुभवी शास्त्रज्ञांबरोबर पत्रकारही आपली बाजू मांडत.

अमेरिकेत या कार्याला पर्यावरणशास्त्राच्या क्षेत्रात जेन लुबचेंको यांनी संघटित रूप दिले. १९९७ मध्ये ‘ट्रिपल-ए-एस’च्या अध्यक्षपदावरून केलेल्या भाषणात त्यांनी विज्ञान व समाज यांच्यात नवा करार होण्याची गरज प्रतिपादन केली. १९९८ मध्ये त्यांच्या पुढाकाराने ‘आल्डो लिओपोल्ड नेतृत्व कार्यक्रम’ आणि १९९९ मध्ये ‘कंपास’ ही संस्था अस्तित्वात आली. येथे एक बाब लक्षात घेण्यासारखी आहे. लिओपोल्ड कार्यक्रम कारकिर्दीच्या मध्यावर असलेल्या, स्थिर पदावरील प्राध्यापकांसाठी होता. माध्यमांत दिसणारा शास्त्रज्ञ ‘खरा’ संशोधक नव्हे, असा समज विद्यापीठीय वर्तुळात दृढ होता. रॉयल सोसायटीने २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या १,४८५ शास्त्रज्ञांच्या पाहणीत ६४ टक्क्यांनी संशोधनासाठी अधिक वेळ देण्याची गरज हा अशा संवादातील अडथळा असल्याचे सांगितले; लोकांशी संवाद साधणाऱ्यांकडे सहकारी कमी आदराने पाहतात, असे २० टक्क्यांचे मत होते; तर ७३ टक्क्यांना संवादाचे वा माध्यमांशी बोलण्याचे कोणतेही प्रशिक्षण मिळाले नव्हते. ज्याची नोकरी कायम नाही आणि ज्याचा प्रबंध अद्याप मार्गदर्शकाच्या स्वाक्षरीची वाट पाहत आहे, त्याला या समजाची किंमत सर्वांत अधिक मोजावी लागते.

१९९९ ते २०१० : एका आकड्याची कथा

हे प्रशिक्षण नेमके कशासाठी हवे, हे हिमालयातील हिमनद्यांच्या प्रकरणाइतके स्पष्टपणे दुसऱ्या कोणत्याही घटनेने दाखविले नाही.

१९९९ मध्ये हिमनदीतज्ज्ञ सय्यद इक्बाल हसनैन यांच्या माहितीच्या आधारे ‘डाउन टु अर्थ’ या भारतीय पाक्षिकात आणि त्यानंतर ‘न्यू सायंटिस्ट’ या ब्रिटिश साप्ताहिकात मजकूर प्रसिद्ध झाला. हिमालयातील हिमनद्या २०३५ पर्यंत नाहीशा होण्याची शक्यता आहे, असा त्याचा आशय होता. हसनैन ज्या कार्यगटाचे अध्यक्ष होते, त्याच्या अहवालात हे वर्ष नव्हते. ते केवळ नियतकालिकांच्या पानांवर होते. संभाषणात नेमके काय बोलले गेले, याविषयी पुढे शास्त्रज्ञ आणि पत्रकार यांनी परस्परभिन्न निवेदने केली. २००५ मध्ये ‘वर्ल्ड वाइड फंड फॉर नेचर’ या संस्थेच्या एका अहवालाने साप्ताहिकाचा हवाला देऊन हे विधान स्वीकारले. २००७ मध्ये ‘आयपीसीसी’च्या चौथ्या मूल्यांकन अहवालाच्या दुसऱ्या खंडातील आशियाविषयक प्रकरणात, त्या संस्थेच्या अहवालाचा हवाला देऊन, ते पुन्हा अवतरले. नियतकालिकांच्या पानांवरील वाक्य अशा रीतीने विज्ञानाच्या सर्वोच्च मानल्या जाणाऱ्या ग्रंथात दाखल झाले.

या प्रवासात त्याला अडविण्याच्या संधी आल्या होत्या. मसुद्याच्या परीक्षणात जपान सरकारने या विधानाच्या खात्रीचे प्रमाण विचारले होते. ऑस्ट्रियाचे हिमनदीतज्ज्ञ गेओर्ग कासर यांनी आपण २००६ मध्येच या चुकीची सूचना दिली होती, असे नंतर सांगितले. नोव्हेंबर २००९ मध्ये भारताच्या पर्यावरण मंत्रालयाने प्रसिद्ध केलेल्या व्ही. के. रैना यांच्या टिपणात हिमनद्यांच्या माघारीविषयी वेगळे मत मांडले गेले, तेव्हा ‘आयपीसीसी’चे तत्कालीन अध्यक्ष राजेंद्र पचौरी यांनी ते तुच्छतादर्शक शब्दांत झिडकारले. अखेर २० जानेवारी २०१० रोजी ‘आयपीसीसी’ने निवेदन काढून या परिच्छेदात पुराव्याचे प्रस्थापित निकष नीट पाळले गेले नाहीत, हे मान्य केले. त्याच महिन्यात कॅनडाचे ग्रॅहम कॉगली, कासर आणि अन्य दोन सहलेखकांनी ‘सायन्स’मध्ये या चुकीचा उगम शोधून दाखविला. १९९६ च्या एका रशियन अभ्यासातील २३५० हे वर्षही या गोंधळात मिसळले असावे, असे त्यातून दिसून आले.

हिमालयातील हिमनद्या सर्वसाधारणपणे आक्रसत आहेत, हे तथ्य या प्रकरणाने खोटे ठरले नाही. खोटे ठरले ते एक वर्ष. परंतु लोकांच्या नजरेत त्या एका वर्षाबरोबर संपूर्ण अहवाल संशयास्पद झाला. येथे उणीव वक्तृत्वाची नव्हती. वाक्य सोपे, ठाम आणि परिणामकारकच होते. उणीव होती ती छापून आलेले वाक्य तपासून खुलासा पाठविण्याच्या रिवाजाची. १९९९ मधील चार ओळींचा खुलासा त्या वर्षी कोणाच्या लक्षातही राहिला नसता. अकरा वर्षांनी मात्र त्याच्या अभावाची किंमत जगभरच्या हवामानशास्त्राला मोजावी लागली.

मौनाचा मोह आणि प्रशिक्षणाचा विस्तार

याच सुमारास दुसरे वादळ उठले. नोव्हेंबर २००९ मध्ये ब्रिटनच्या ईस्ट अँग्लिया विद्यापीठातील हवामान संशोधन केंद्राचा एक हजाराहून अधिक ई-पत्रांचा संग्रह चोरून प्रसिद्ध करण्यात आला. त्यांतील ‘ट्रिक’ हा एकच शब्द जगभर गाजला. शास्त्रज्ञाच्या बोलीत त्याचा अर्थ ‘युक्ती’, वाचकाच्या बोलीत ‘लबाडी’. जुलै २०१० मध्ये म्यूर रसेल समितीने या शास्त्रज्ञांचा काटेकोरपणा व प्रामाणिकपणा निःसंशय असल्याचा निर्वाळा दिला. मात्र खुलेपणात ते सातत्याने कमी पडले, असेही नमूद केले.

संकटानंतर संस्थांची पहिली प्रतिक्रिया मौनाची असते. जुलै २०१० मध्ये पचौरी यांनी पाचव्या अहवालासाठी नियुक्त झालेल्या ८३१ लेखकांना पाठविलेल्या पत्रात माध्यमांपासून अंतर राखण्याचा सल्ला दिला. त्यावर शास्त्रज्ञ व पत्रकार या दोन्ही वर्तुळांतून टीका झाली. ऑगस्ट २०१० मध्ये विविध देशांच्या विज्ञान अकादमींच्या संयुक्त परिषदेने ‘आयपीसीसी’च्या कार्यपद्धतीचे परीक्षण करून पारदर्शक व तत्पर संवादाचे धोरण आखण्याची शिफारस केली. २०१२ मध्ये तसे धोरण स्वीकारले गेले, आणि २०१८ मध्ये अहवालाच्या लेखकांसाठी लोकसंवादाची स्वतंत्र पुस्तिका तयार झाली. केवळ आठ वर्षांत ‘दूर राहा’ या सल्ल्याची जागा ‘असे बोला’ या मार्गदर्शनाने घेतली.

प्रशिक्षणाचा आशयही या काळात निश्चित होत गेला. ‘कंपास’च्या नॅन्सी बॅरन यांचे या विषयावरील पुस्तक २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. या संस्थेने रूढ केलेल्या ‘संदेशचौकटी’त संशोधक आपला विषय, त्यातील समस्या, ‘मग त्याचे काय?’ या प्रश्नाचे उत्तर, उपाय आणि त्यांचे लाभ एका कागदावर मांडतो. शोधनिबंधात निष्कर्ष शेवटी येतो, बातमीत तो सर्वप्रथम येतो. ही उलटापालट तरुण संशोधकाला सरावानेच साधते. २०११ मध्ये रिचर्ड सोमरव्हिल व सुझन जॉय हॅसोल यांनी ‘फिजिक्स टुडे’मधील लेखात शास्त्रज्ञ व सामान्य वाचक ज्यांचा अर्थ निरनिराळा लावतात अशा शब्दांची यादीच दिली.

तिसरा घटक पत्रकारितेच्या समजुतीचा. मॅक्सवेल व ज्यूल्स बॉयकॉफ यांनी २००४ मध्ये चार प्रमुख अमेरिकी वृत्तपत्रांतील १९८८ ते २००२ या काळातील ६३६ लेखांचे विश्लेषण प्रसिद्ध केले. त्यांपैकी सुमारे ५३ टक्के लेखांत मानवी कारणे व नैसर्गिक चढउतार या दोन्ही बाजूंना सारखेच स्थान दिले होते. पत्रकाराचा समतोल हा त्याच्या व्यवसायाचा सद्गुण. परंतु पुराव्याचे पारडे एकीकडे झुकलेले असताना तोच वाचकाची दिशाभूल करू शकतो. ‘या मताला किती पुरावा आहे?’ हे सांगण्याची जबाबदारी मग शास्त्रज्ञावर येते.

तथापि केवळ व्यक्तीला शिकवून भागत नाही, हेही अनुभवाने सिद्ध झाले. जानेवारी २००६ मध्ये हॅन्सन यांनी जाहीरपणे सांगितले की, आपली भाषणे व मुलाखती यांवर ‘नासा’चे जनसंपर्क अधिकारी नियंत्रण आणू पाहत आहेत. त्यानंतर ‘नासा’ला माध्यमविषयक धोरण बदलावे लागले. हॅन्सन यांच्यासारखा ज्येष्ठ शास्त्रज्ञ असे उघड बोलू शकला. कंत्राटी पदावरील नवोदिताला ते शक्य झाले असते काय? २०११ मध्ये अमेरिकेत हवामानशास्त्रज्ञांना कायदेशीर साहाय्य देणारा निधी स्थापन झाला, तो याच जाणिवेतून. बोलण्याचे कौशल्य आणि बोलल्यानंतरचे संरक्षण या एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत.

भारतीय संदर्भ आणि मराठीतील प्रश्न

शास्त्रज्ञाने लोकभाषेत लिहावे ही परंपरा महाराष्ट्राला नवी नाही. ‘सृष्टिज्ञान’ हे मासिक १९२८ पासून आणि मराठी विज्ञान परिषद १९६६ पासून हे कार्य करीत आली आहे. जयंत नारळीकर यांच्यासारख्या श्रेष्ठ शास्त्रज्ञाने मराठीत विपुल लेखन केले. मात्र स्वतःच्या सवडीने लेख लिहिणे आणि सायंकाळी दूरध्वनीवर विचारलेल्या प्रश्नाला दोन वाक्यांत उत्तर देणे, ही दोन भिन्न कौशल्ये होत. पहिल्यात शेवटचा शब्द लेखकाचा असतो, दुसऱ्यात तो संपादकाचा असतो. केंद्र सरकारच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने २०१८ मध्ये ‘अवसर’ योजनेद्वारे पीएच.डी. करणाऱ्या व पीएच.डी.नंतरच्या संशोधकांना आपल्या संशोधनावर लोकसुलभ लेख लिहिण्यास उत्तेजन दिले. २०२२ च्या वैज्ञानिक सामाजिक उत्तरदायित्वाच्या मार्गदर्शक तत्त्वांनी वैज्ञानिकाने वर्षातील किमान दहा दिवस समाजासाठी द्यावेत, अशी अपेक्षा व्यक्त केली. या दोन्ही बाबी स्वागतार्ह आहेत. परंतु त्यांचा भर लेखन व उपक्रम यांवर आहे, मुलाखतीच्या सरावावर नाही.

मराठीत या प्रशिक्षणाला एक स्वतंत्र भाषिक अंगही आहे. शालेय भूगोलात ‘हवा’ आणि ‘हवामान’ असा भेद शिकविला जातो. पण व्यवहारात ‘हवामान अंदाज’ उद्याच्या पावसाचा असतो आणि ‘हवामान बदल’ अनेक दशकांचा. एकाच शब्दावर दोन अर्थांचा भार असल्याने, ‘यंदा थंडी कडाक्याची पडली, मग तापमानवाढ कोठे गेली?’ हा प्रश्न मराठी वाचकाला स्वाभाविक वाटतो. सोमरव्हिल आणि हॅसोल यांची यादी येथे जशीच्या तशी लागू पडत नाही. इंग्रजी वाचकाला ‘थिअरी’ हा शब्द केवळ तर्क वाटतो. मराठीतील ‘सिद्धांत’ या शब्दातच ‘सिद्ध’ असल्याने येथे गैरसमज उलट दिशेने होऊ शकतो. बर्फ वितळल्याने ऊन अधिक शोषले जाऊन आणखी बर्फ वितळणे, या क्रियेला ‘सकारात्मक प्रतिसाद’ म्हटले, तर वाचकाला ती चांगली गोष्ट वाटेल. ‘वाढीस वाढ लावणारी क्रिया’ असे म्हटल्यास अर्थ चटकन ध्यानी येतो.

आकड्यांबाबतही हीच स्थिती आहे. एप्रिल २०२४ मध्ये भारतीय हवामानशास्त्र विभागाने मोसमी पाऊस दीर्घकालीन सरासरीच्या १०६ टक्के होईल, असा अंदाज दिला. त्यात पाच टक्के अधिक-उणे त्रुटीची शक्यता नमूद होती आणि तो संपूर्ण देशासाठी, संपूर्ण चार महिन्यांसाठी होता. मथळ्यात ‘१०६ टक्के’ एवढेच उरले, तर मराठवाड्यातील शेतकरी तो आपल्या तालुक्याचा आकडा समजून पेरणीचा निर्णय घेऊ शकतो. ‘हा आकडा तुमच्या गावाचा नव्हे’, हे वाक्य अंदाज सांगणाऱ्याने स्वतःहून, न विचारता, पहिल्याच दमात सांगितले पाहिजे.

समारोप

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष काढता येतात. पहिला, माध्यम-प्रशिक्षणातील बहुतेक सुधारणा संकटानंतर आल्या. संकटापूर्वी शिकविण्याची सवय संस्थांना क्वचितच होती. दुसरा, प्रशिक्षणाचा रोख ‘लोकांना शिकवा’ येथून ‘पत्रकाराचे काम समजून घ्या’ याकडे आणि पुढे ‘आपल्या शब्दाची जबाबदारी घ्या’ याकडे सरकला. तिसरा, ज्यांना या शिक्षणाची सर्वाधिक गरज होती, त्या नवोदितांपर्यंत ते सर्वांत शेवटी पोहोचले.

महाविद्यालयीन प्राध्यापकांच्या दृष्टीने यातील तिसरा निष्कर्ष महत्त्वाचा आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ च्या अखेरीस पीएच.डी.पूर्व अभ्यासक्रमात संशोधन व प्रकाशन नीतीचा दोन श्रेयांकांचा अभ्यासक्रम अनिवार्य केला. त्यात वाङ्मयचौर्य आहे, संशयास्पद नियतकालिके आहेत, उद्धरणांचे मापन आहे. पत्रकाराशी बोलण्याचा घटक मात्र नाही. वास्तविक आपण न तपासलेले विधान आपल्या नावावर छापून येऊ देणे आणि त्याचा खुलासा न करणे, हाही संशोधन नीतीचाच प्रश्न आहे. एखाद्या विभागाने वर्षातून एक दिवस स्थानिक वार्ताहराला बोलावून विद्यार्थ्यांच्या सराव-मुलाखती घेतल्या, दुसऱ्या दिवशी त्यांवरून तयार झालेली बातमी त्यांच्यासमोर ठेवली आणि चुकीच्या वाक्यासाठी संपादकाला चार ओळींचा खुलासा लिहावयास लावला, तर त्यासाठी स्वतंत्र अनुदानाची गरज पडणार नाही. मार्गदर्शकाने त्या विद्यार्थ्याच्या पाठीशी उभे राहणे, एवढीच काय ती अट आहे. १९९९ मधील त्या वाक्याला असा खुलासा मिळाला असता, तर २०१० मधील निवेदनाची वेळ कदाचित आली नसती.